मागच्या अंगणासाठी रंगवलेला कापडी आडोसा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रो हाऊसचा मागचा तुकडा असो, गावच्या घराचं परस असो किंवा बंगल्याची बाजूची पट्टी, सगळीकडे अडचण एकच. चहाचा कप घेऊन बसलं की समोरच्याची खिडकी थेट आपल्या ताटात. भिंत वाढवायला परवानग्या लागतात, आणि हिरवी शेडनेट लावली की अंगणाचं नर्सरीत रूपांतर होतं. कापडाचा आडोसा शिवून, स्वतः रंगवून लावणं हा मला सगळ्यात आवडणारा मार्ग, आणि त्याबद्दल लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलंय. एक गोष्ट आधीच सांगते: हा आडोसा टिकतो की फाटतो हे चित्रावर ठरत नाही, वाऱ्यावर ठरतं. त्यामुळे तो बांधायचा कसा हे आधी पक्कं करा, ब्रश नंतर हातात घ्या.

उंची किती ठेवू?

शेजारी तुमच्याच पातळीवर असेल तर ६ फूट पुरतात, उभ्या माणसाची नजर साधारण पाच-सव्वापाच फुटांवर असते. भानगड होते ती वरच्या मजल्याची. समजा समोरच्या पहिल्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसाची नजर जमिनीपासून १५ फुटांवर आहे, ती खिडकी तुमच्या कुंपणापासून २० फूट लांब आहे आणि खुर्चीत बसल्यावर तुमचं डोकं ४ फुटांवर येतं. तुम्ही कुंपणापासून ६ फुटांवर बसलात तर साडेसहा फुटांचा आडोसा नजर अडवतो, पण १२ फूट मागे सरकलात की तोच आडोसा आठ फुटांच्या वर न्यावा लागतो. म्हणजे उंची वाढवण्याआधी खुर्च्या आडोशाजवळ आणून बघा, फुकटात काम होतं. एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने कुंपणापाशी लांब काठी धरून वर-खाली करायची, बसलेल्याला खिडकी काठीच्या टोकाआड गेलेली दिसली की तिथे खूण करायची, एवढंच माप पुरे. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून दिसत असेल तर उभा पडदा कामाचा नाही, डोक्यावर आडवं कापड ताणावं लागतं, तो वेगळा विषय.

कुठलं कापड घ्यायचं?

कॅनव्हास. १० किंवा १२ औंसाचा (हे दर चौरस यार्डाचं वजन), साधा कोरा, ब्लीच न केलेला. मांजरपाट स्वस्त पडतो आणि रंगही छान धरतो पण एकेरी लावला तर उन्हाच्या दिशेने सगळं आरपार दिसतं, शिवाय एक मोसम झाला की मऊ पडून ओघळतो. मांजरपाटच वापरायचा असेल तर दुहेरी करून शिवा. खादी दिसते सुंदर, पण वाऱ्यात तिची वीण सरकते. पॉलिस्टरवर साधे ॲक्रिलिक रंग नीट बसत नाहीत, सालं निघतात. शेडनेटवर चित्र काढायच्या फंदात पडू नका.

दुकानात गेल्यावर पन्हा आधी विचारा. ४४ इंची पन्ह्यात ८ फूट रुंद आडोशासाठी तीन उभ्या पट्ट्या जोडाव्या लागतात, ७२ इंची मिळाला तर दोनच लागतात. जोड द्यायचाच असेल तर उभा द्या, आडव्या जोडावर पाणी साठतं आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते.

कापड धुवायलाच हवं का? नवं कोरं तर आहे.

हो, धुवायलाच हवं. कोऱ्या कापडाला खळ असते आणि ती असेपर्यंत रंग वरवर बसतो, आत मुरत नाही. गरम पाण्यात साबणाने धुवा, सुगंधी सॉफ्टनर अजिबात घालू नका, आणि अर्धवट ओलं असतानाच इस्त्री फिरवा. धुतल्यावर कापड आटतं, कधी पाच टक्के तर कधी आठ, म्हणून मापापेक्षा दहा टक्के जास्तच आणा. आधी शिवून मग धुतलं तर कडा गोळा होतात आणि आडोसा कधीच सरळ लटकत नाही.

शिवायचं कुणाकडे? घरच्या मशीनवर होईल?

मांजरपाट होईल. १२ औंसाच्या कॅनव्हासची कड दुमडली की तीन-चार थर होतात आणि घरची मशीन तिथे अडते, सुई मोडते. गाडीच्या सीट शिवणारे किंवा ताडपत्री, मंडपाचं कापड शिवणारे असतात ना, त्यांच्याकडे जा, त्यांच्याकडे जड मशीन असतात आणि आयलेट (दोरी ओवायची धातूची गोल कडी) ठोकायचा पंचही असतो. सांगताना तीन गोष्टी आवर्जून सांगायच्या: चारही बाजूंनी २ इंचाची दुहेरी दुमड, दोरा पॉलिस्टरचा (सुती दोरा उन्हापावसात कापडाच्या आधी कुजतो, मग धड कापडाच्या शिवणी उसवतात), आणि दर फुटाला एक आयलेट, कोपऱ्यात मात्र आतून जादा तुकडा लावून. कोपरे सगळ्यात आधी फाटतात. आयलेट पितळी किंवा ॲल्युमिनियमचे मागा, लोखंडी असले तर गंजाचे ओघळ थेट तुमच्या चित्रावर उतरतात आणि ते काही केल्या निघत नाहीत.

वाऱ्याचं एवढं काय?

सांगते. ८ बाय ६ फुटांचा आडोसा म्हणजे जवळजवळ साडेचार चौरस मीटर कापड, म्हणजे शिडाची होडीच उभी केलीत तुम्ही अंगणात. ताशी ३६ किलोमीटरचा वारा आला की त्यावर ढोबळमानाने २७ किलो वजनाइतका जोर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट, ७२ झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे शंभर किलोच्या वर. वळवाच्या पावसाआधी जी वावटळ उठते ना धुळीची, तिच्यात असले झटके सहज येतात.

म्हणून कापड खांबाला घट्ट आवळून बांधायचं नाही. वरची बाजू नायलॉनच्या दोरीने पक्की, आणि खालची व बाजूची आयलेट्स लवचिक दोरीने, स्कूटरवर सामान बांधतो ती हूकवाली इलॅस्टिक दोरी असते तसली. झटका आला की कापड थोडं फुगतं, वारा खालून निघून जातो आणि पुन्हा जागेवर येतं. खाली जमिनीपासून ४ ते ६ इंच मोकळे सोडा, त्याने वाराही जातो आणि पावसाच्या चिखलाचे शिंतोडेही चित्रावर उडत नाहीत. कापडात अर्धचंद्राकृती भोकं पाडायचा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही. त्याने जोर फारसा कमी होत नाही आणि कापड मात्र प्रत्येक भोकापासून चिरत जातं.

खांब कसले? सिमेंटच्या बादलीत पाइप उभा केला तर चालेल?

कमरेएवढ्या आडोशाला चालेल. ६ फुटांना नाही, आणि हे मी अगदी ठामपणे सांगते कारण पडला तर लहान मूल खाली असू शकतं. वरचाच हिशोब पुढे न्या: २७ किलोचा जोर जमिनीपासून ३ फुटांवर लागतोय, आणि त्याला अडवायला २५-२५ किलोच्या दोन बादल्या, ज्यांचा टेका मध्यापासून जेमतेम अर्धा फूट. अडवणारी ताकद पाडणाऱ्या ताकदीच्या एक तृतीयांशसुद्धा भरत नाही.

दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घ्या, ६ फूट वर तर २ फूट जमिनीत, १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटमध्ये. काँक्रीटचा माथा पाइपापासून बाहेर उतरता ठेवा, नाहीतर पाणी पाइपाच्या बुडाशी थांबतं आणि नेमका तिथेच गंजतो. फरशी फोडायची नसेल आणि कंपाउंड वॉल भक्कम आरसीसी किंवा विटांची असेल तर पाइप भिंतीला क्लॅम्पने दोन-दोन ठिकाणी धरता येतो, पण आधी भिंत तुमची की सामाईक ते बघा.

बांबू हवा असेल तर कोकणात चांगले मिळतात आणि दिसायलाही देखणे, फक्त थेट मातीत पुरू नका. वाळवी आणि ओल दोन्ही लागते. जमिनीत पाइपाचा तुकडा बसवायचा आणि बांबू त्यात उभा करायचा, खराब झाला की उपसून दुसरा.

रंग कुठला? फॅब्रिक कलर की भिंतीचा?

एवढ्या मोठ्या कापडाला नुसता फॅब्रिक कलर वापरला तर बाटल्यांवर बाटल्या संपतील. माझं उत्तर दोन्ही. पार्श्वभूमीला बाहेरच्या भिंतीचं ॲक्रिलिक इमल्शन, पाणी घालून पातळ केलेलं. त्यात उन्हाला आणि बुरशीला तोंड द्यायची सोय आधीच केलेली असते. वरच्या बारीक कामाला ॲक्रिलिक किंवा फॅब्रिक कलर. ८ बाय ६ ला पांढऱ्याचा एक लिटर डबा पुरून उरतो.

पांढऱ्यात स्टेनरच्या (रंगछटा देणाऱ्या घट्ट रंगाच्या) छोट्या बाटल्या घालून फिके रंग घरीच होतात, पण गडद गेरू किंवा गडद हिरवा पांढऱ्यातून होत नाही. स्टेनर ओतत राहिलात तर रंग चिकट राहतो, वाळतच नाही. गडद रंग दुकानातून मशीनवर डार्क बेसमध्ये बनवून आणा.

डिस्टेंपर नको, पहिल्या पावसात उतरेल. पोस्टर कलर नको, तेच कारण. ऑइल पेंट तर मुळीच नको, तो कापडावर कडक होतो, तडकतो, आणि त्यातलं तेल काही वर्षांत सुती धागाच जाळून टाकतं.

कुठले रंग उन्हात उडत नाहीत?

मातीचे. गेरू, पिवळी माती, काजळीचा काळा, टिटॅनियमचा पांढरा. लोहाचे हे लाल-पिवळे रंग उन्हाला दाद देत नाहीत. निळ्या-हिरव्यात फ्थॅलो निळा आणि फ्थॅलो हिरवा भरवशाचे. निऑन गुलाबी, निऑन हिरवा असले चमकते रंग एका उन्हाळ्यात फिके पडतात. आणि नैसर्गिक म्हणून हळदीने रंगवायचा विचार असेल तर घरात लावायच्या कापडासाठी ठेवा, हळदीचा पिवळा उन्हात झपाट्याने जातो.

नाटकाचे रंगवलेले पडदे असायचे तसा करता येईल का? राजवाडा, बाग, रस्ता वगैरे?

हा प्रश्न आला की मला फार आनंद होतो, कारण रंगवलेलं मोठं कापड ही आपल्याकडे नवी गोष्टच नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमात येण्याआधी चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर १९१० च्या दशकात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. तशी बाग, तशी कमान, लांबवर जाणारा रस्ता अंगणात फार शोभतो, छोटी जागा खोल वाटते. फक्त एक लक्षात घ्या, स्टेजचे पडदे सरसात कालवलेल्या कोरड्या रंगांनी रंगवायचे, आणि सरस पाण्यात विरघळतो. चित्र तिथून घ्या, रंग ॲक्रिलिकच वापरा. दुसरं म्हणजे स्टेजचा पडदा लांबून बघायचा असतो आणि तुमचा आडोसा चार फुटांवरून, तेव्हा ब्रशची कामं थोडी बारीक ठेवावी लागतात.

वारली काढू का? सगळे तेच काढतात.

काढा की, गेरूवर पांढरं हे उन्हात टिकणारं सगळ्यात भक्कम जोडपं आहे. पण ती डहाणू-तलासरी-जव्हार भागातल्या वारली लोकांची जिवंत कला आहे, जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ती समजून काढा. लग्नात सवाशिणी भिंतीवर जो चौक लिहितात, ज्यात पालघाट देवी असते, तो पूजेचा आहे. तो अंगणातल्या पडद्यावर शोभेसाठी उतरवू नये असं मला मनापासून वाटतं. तारपा नाच, शेतीची कामं, झाडं, मोर, भाताची लावणी, एवढं भांडार पडलंय. त्याहून चांगलं म्हणजे बजेट असेल तर तिथल्याच कलाकाराकडून कापड रंगवून घ्या, तुम्ही फक्त शिवून आणि धुऊन द्या.

आणि वारलीपलीकडे बघायचं असेल तर काव कला बघा. गोव्यात आणि सिंधुदुर्गात जुन्या देवळांच्या भिंतींवर असते, चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल काव आणि ती कोरून खालचा पांढरा दाखवलेला. वेली, कळस, पक्षी, भौमितिक पट्ट्या, सगळं दोन रंगांत. कापडावर हे स्टेन्सिलने अप्रतिम उतरतं आणि चित्रकला येत नाही म्हणणाऱ्यांनाही जमतं.

मला चित्र काढता येत नाही, मग?

स्टेन्सिल करा. ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) किंवा जुनी एक्स-रे फिल्म कटरने कापायची, कापडावर मास्किंग टेपने चिकटवायची आणि स्पंजच्या तुकड्याने रंग टिपायचा. टिपायचा, फासायचा नाही. स्पंज रंगात बुडवला की आधी जुन्या वर्तमानपत्रावर दोन-तीनदा दाबा, तो जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे. ओला स्पंज लावलात तर रंग फिल्मखाली शिरतो आणि कड फाटते. फिल्म उचलताना सरळ वर उचला, आणि दर थोड्या वेळाने तिची मागची बाजू पुसून घ्या.

ओळी सरळ येण्यासाठी सुतार मारतात तसं सूत मारा: दोरीला रांगोळी किंवा खडूची पूड लावायची, दोघांनी ताणून धरायची, मध्ये चिमटीत उचलून सोडायची. कापडावर लख्ख सरळ रेघ उमटते आणि नंतर झटकली की जाते. मोठं चित्र उतरवायचं असेल तर अशाच सुताने एक-एक फुटाचे चौकोन पाडा आणि छोट्या चित्रावरही तेवढेच चौकोन आखून एकेक भरत चला.

रंगवायचं कसं, जमिनीवर पसरून?

जमिनीवर खाली प्लास्टिक घालून रंगवता येतं पण रंग आरपार झिरपून प्लास्टिकला चिकटतो, म्हणून अर्धवट वाळलं की कापड एकदा उचलून हलवावं लागतं. मला भिंतीवर खिळ्यांना आयलेट्स अडकवून, ताणून रंगवणं सोयीचं वाटतं. रंग लावण्याआधी स्प्रेने कापड हलकं ओलसर करा, पहिला हात पातळ द्या आणि ब्रशने धाग्यात घोळवा. जाड थर एकदाच देऊ नका, तो गुंडाळताना तडकतो, दोन पातळ हात कधीही बरे. सकाळी किंवा उतरत्या उन्हात काम करा, भर दुपारी रंग ब्रशवरच वाळतो.

फॅब्रिक कलरचा भाग २४ तास वाळला की उलट्या बाजूने इस्त्री करा, रंग पक्का होतो, आणि पुढचे तीन दिवस पाणी लागू देऊ नका. शेवटी पाण्यात मिसळणारा मॅट क्लिअर कोट, बाहेरच्या वापराचा, एकच पातळ हात. पाणी झटकणारा सिलिकॉन स्प्रे मारायचा असेल तर तो सगळं झाल्यावर. आधी मारलात तर त्यावर रंग बसणारच नाही.

शेजाऱ्यांच्या बाजूला मागची बाजू दिसते, ती घाण वाटते.

वाटणारच, त्यांना रोज डागाळलेलं कापड बघायला लागतं. मागून एक रंग सपाट द्या, किंवा दुसरा मांजरपाट अस्तरासारखा लावा. अस्तराचा आणखी एक फायदा: रात्री अंगणात दिवा लावलात की एकेरी कापडावर बसलेल्यांच्या सावल्या पलीकडे स्पष्ट दिसतात, म्हणजे दिवसा मिळवलेला आडोसा रात्री गेलाच. अस्तर नको असेल तर दिवा आडोशाजवळ लावा, म्हणजे तुम्ही दिव्याच्या आणि कापडाच्या मध्ये येत नाही.

आणि लावण्याआधी शेजाऱ्यांना जाऊन सांगा. काका-काकूंना विचारलं, मागच्या बाजूला कुठला रंग बघायला आवडेल, तर पुढचे बरेच वाद होतच नाहीत. सोसायटी असेल तर कमिटीला लेखी कळवा.

वर्षभर ठेवता येईल?

नाही. दिवाळीनंतर लावा, मृगाच्या आधी काढा. दिवाळीनंतर एवढ्यासाठी की फटाक्याची ठिणगी सुती कापडाला पुरेशी असते. मे महिन्यात संध्याकाळी आभाळ भरून आलं, वारा पडला, की तेवढ्यापुरतं कापड उतरवून घ्या, म्हणूनच हूकवाल्या दोऱ्या हव्यात, दोन मिनिटांत सुटतं. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात कुठलंही सुती कापड ओलंच राहतं आणि काळे ठिपके पडतात. ते ठिपके धाग्यात उतरले की धुऊन जात नाहीत.

पावसाळ्यात ठेवायचा कसा?

घडी घालू नका. साध्या पाण्याने, मऊ ब्रशने, थोड्या सौम्य साबणाने धुवा, वॉशिंग मशीन नाही. दोन दिवस खणखणीत ऊन द्या. मग जाड पीव्हीसी पाइपवर गुंडाळा, रंगवलेली बाजू बाहेर ठेवून, आणि गुंडाळताना मध्ये जुनी सुती साडी घालत चला कारण ॲक्रिलिक दमट हवेत स्वतःलाच चिकटतं. वरूनही साडीच गुंडाळा, प्लास्टिक नको, आतली ओल बाहेर जात नाही. माळ्यावर आडवा ठेवा, उंदरांपासून लांब.

आम्ही अमेरिकेत असतो, इथे कॅनव्हास कुठे शोधू?

हार्डवेअरच्या दुकानात पेंटरचं ड्रॉप क्लॉथ म्हणून जे जाड सुती कापड मिळतं तेच घ्या, ९ बाय १२ फुटांपर्यंत सहज मिळतं. मात्र पाकिटावरचं माप शिवण्याआधीचं असतं, हातात थोडं कमी येतं, आणि धुतल्यावर आणखी आटतं. बाहेरच्या छत्र्यांसाठी मिळणारं पाणी न धरणारं महाग कापड घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही. रंगकाम उन्हाळ्यात उरका, १० अंश सेल्सियसच्या खाली ॲक्रिलिकचा पापुद्रा नीट जुळत नाही आणि नंतर भुकटी होऊन निघतो. एचओए (तिथली घरमालकांची सोसायटी) असेल तर कुंपणाच्या उंचीचे नियम आधी वाचा.

मुलांना रंगवू दिलं तर चालेल?

जरूर द्या. खालचे दोन फूट त्यांचे ठेवा, त्यांच्या हाताला येतं तेवढं. हाताचे ठसे, पानांचे ठसे उत्तम येतात. पिंपळ, आंबा, पपई अशी शिरा उठून दिसणारी पानं घ्या आणि रंग पानाच्या मागच्या बाजूला लावा, शिरा तिथे उठावदार असतात. कपडे जुने घाला, ॲक्रिलिक वाळलं की कपड्यावरून जात नाही, ओलं असतानाच धुवायचं. स्टेनरच्या बाटल्या मात्र मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका, कटरचं काम मोठ्यांनीच करायचं.